नाताळ: मुलांच्या वाट्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरीत राहणारं जोडपं, दोघांची नोकरी. बाईंचं माहेर नगरचं, प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, कॅथलिक. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. दोघांना नाताळ म्हणजे मॉलमधला सांता आणि गिफ्ट, एवढंच ठाऊक. आई विचारते, "आमच्या घरच्या अशा काही परंपरा सुरू करायच्या आहेत. इंटरनेटवरून सव्वीस गोष्टींची यादी काढली आहे. सगळ्यांचे एकसारखे पायजमे, आल्याच्या बिस्किटांचं घर, रोज रात्री जागा बदलणारा बाहुला वगैरे. हे सगळं कसं जमवायचं? आणि नोव्हेंबर संपत आला, यंदा उशीर तर नाही ना झाला?"

उशीर झालेला नाही. पण ती यादी आधी मिटून ठेवा.

मी तीस वर्षं शब्बाथ शाळेत शिकवलं. आता सगळे संडे स्कूल म्हणतात, पण नगरच्या आमच्या मंडळीत जुनी माणसं अजून शब्बाथ शाळाच म्हणतात. दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी मुलांना विचारायची, "नाताळात घरी काय काय केलंत?" ज्यांच्या घरी नुसती खरेदी झालेली असे, त्यांची गोष्ट मिनिटभरात संपायची. सायकल मिळाली, केक आणला, झालं. काही मुलं मात्र थांबायलाच तयार नसत, आणि त्यांची वाक्यं 'मी'ने सुरू व्हायची. मी ताऱ्याला कागद चिकटवला. मी जोशीकाकूंकडे ताट नेलं आणि जिन्यात एक करंजी सांडली, पण कुणाला सांगितलं नाही. अशी पाच-सात वर्षं ऐकल्यावर माझं एक मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही. ज्यात मुलाच्या वाट्याला नेमून दिलेलं काम असतं, तेवढ्यालाच ते मूल पुढे "आमच्याकडे असंच असतं" म्हणतं. बाकीचं आईवडिलांनी केलेलं असतं आणि त्यानं पाहिलेलं असतं.

म्हणून यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहा: यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं काम काय, आणि त्यानं ते केलं नाही तर अडेल का? बाहुल्याची जागा रोज रात्री साडेअकराला कोण बदलणार? तुम्ही, डोळे चोळत. बाहुला बाद. एकसारखे पायजमे घालून मुलांनी काय करायचं? फोटोत उभं राहायचं. तेही बाद. हौस असेल तर पायजमे जरूर घ्या, फक्त परंपरा म्हणून डोक्यावर घेऊ नका. सव्वीसमधून चार उरल्या तरी पुष्कळ झाल्या. आमच्या घरी पहिली तीन वर्षं दोनच होत्या.

तुमच्या घराचं एक सुख आहे, ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. दोन्हीकडचं घेता येतं. माझ्या लहानपणी नगरच्या घरात नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नव्हता. तारा होता, फराळ होता, गाणी होती. गोठा मी लग्नानंतर वसईच्या एका मैत्रिणीकडे पाहिला आणि हक्कानं उचलला. तुम्हाला तर उचलायचीही गरज नाही, तो तुमच्या मुलांचाच आहे.

आधी वाट बघण्याबद्दल सांगते, कारण लहान मुलांचा नाताळ पंचवीस तारखेला नसतोच. तो त्याआधीच्या चार आठवड्यांत असतो. चर्चच्या पंचांगात याला आगमनकाळ म्हणतात. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा जो रविवार असेल तो पहिला, आणि तिथून चार रविवार. हिरव्या पानांच्या वेढ्यात चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एक जास्त पेटवायची, ही रीत तुम्ही वसईच्या चर्चमध्ये पाहिली असेल. तिचा उगम मला फार आवडतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान हिनरिख विखेर्न नावाचे पाळक गरीब, निराधार मुलांसाठी एक वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारून भंडावून सोडत, नाताळ कधी? मग १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, किती उरल्या ते मुलांनीच मोजायचं. मुलांच्या भुणभुणीला वैतागलेल्या माणसानं काढलेली युक्ती आहे ही.

तुम्हाला चाक नको. एक स्टीलचं ताट, अशोकाची चार पानं आणि दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या. सासूबाईंना रीतसर हवं असेल तर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती आणा. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते, आणि ती कधी येते याची मुलं फार वाट बघतात. मुलानं पेटवायची, तुमचा हात त्याच्या हाताखाली. मुलीनं विझवायची. तीन वर्षांच्या मुलीला फुंकर मारण्याएवढा मोठा मान जगात दुसरा नाही. त्यावरून भांडण होईल. म्हणून कामं पहिल्याच दिवशी वाटून द्या आणि निदान या वर्षी बदलू नका.

रोजच्यासाठी आणखी स्वस्त उपाय आहे. चॉकलेटं भरलेली खिडक्यांची कॅलेंडरं आता मिळतात, पण ती येण्याआधी जर्मनीत घरोघरी दारावर खडूनं चोवीस रेघा मारायचे आणि मुलं रोज एक पुसायची. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दारामागे रेघा असत. संध्याकाळी दूध प्यायचं, ओलं फडकं घ्यायचं, एक रेघ पुसायची. अर्ध्या मिनिटाचं काम. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एकदा त्यानं दुपारीच सहा रेघा पुसून टाकल्या आणि मला ऑफिसात फोन करून विचारलं, "आता उद्या आहे ना?" संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून त्या परत काढल्या. तो फार रडला. पण तेव्हा त्याला मोजता येऊ लागलं, हेही खरं.

आता तारा. विकतचा नका आणू. निदान एक वर्ष तरी घरी करा, कारण त्यात मुलाला खळीत हात घालायला मिळतो. आकाशकंदिलाला लागतात त्याच बांबूच्या कामट्या, साधारण दीड फुटाच्या, दहा. पाच कामट्यांचा एक सांगाडा, पाच टोकांचा, वहीत मूल काढतं तशी चांदणी, दोऱ्यानं बांधून. असे दोन. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोकं बांधायची, आणि मध्ये जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे चार-चार बोटांच्या पाच काड्या उभ्या अडकवायच्या. तारा लगेच फुगून उभा राहतो. हे बांधण्याचं काम बाबांचं. पतंगाचा कागद चिकटवणं मुलाचं. रंग त्यानं निवडायचा. तो जांभळा आणि पोपटी निवडेल, तुम्ही गप्प बसायचं. मागच्या बाजूचं एक टोक उघडं ठेवा, तिथून एलईडी बल्ब आत जातो.

खरी गंमत लावल्यानंतर सुरू होते. रोज संध्याकाळी सात वाजता ताऱ्याचं बटण दाबण्याचं काम मुलाचं. इतर कुणी हात लावायचा नाही. एक दिवस माझा मुलगा खेळायला गेला आणि विसरला. साडेसातला समोरच्या इमारतीतल्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अरे, आज तुमचा तारा नाही का?" त्या दिवसापासून ताऱ्याची जबाबदारी अख्ख्या गल्लीची झाली.

गोठ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे लोक पैसे घालवतात आणि मजा घालवतात. असिसीच्या संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला देखावा उभा केला तेव्हा त्यात खरा बैल, खरं गाढव आणि गवतानं भरलेली गव्हाण होती. लोकांनी ती बघावी आणि बाळ किती गरिबीत जन्मलं ते त्यांना कळावं, एवढाच हेतू. वसईत गावोगावची तरुण मंडळी नाताळगोठे उभारतात, ते मुलांना दाखवायला जरूर न्या. पण घरच्या गोठ्याला बुटाचं खोकं पुरे. मातीची चित्रं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर कणकेची करा, नाहीतर मुलाच्या खेळण्यातली गाय आणि मेंढी घ्या. आमच्या गोठ्यात कित्येक वर्षं एक प्लास्टिकचा डायनासोर होता. मुलाचा हट्ट होता की बाळाला बघायला तोही आला असणार. पाळकसाहेब घरी आले तेव्हा त्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

आता गोठ्यातलं गवत. वसईत, मुंबईच्या गावठाणांत, गोव्यात गोठ्यासाठी धान्य पेरायची रीत आहे. कुणी गहू पेरतं, कुणी नाचणी. नाचणीचं गवत नाजूक येतं, लांबून भाताच्या रोपांसारखं दिसतं. गहू सोपा आहे, म्हणून पहिल्या वर्षी गहू. रात्रभर भिजवा. दुसऱ्या दिवशी उथळ ट्रेमध्ये किंवा जुन्या परातीत बोटभर माती पसरा, तीत शेणखत असेल तर मूठभर, नसलं तरी चालतं. भिजलेले गहू एकमेकांना टेकतील इतके दाट पसरा, वरून मातीची अगदी पातळ चादर. दोन दिवस ओल्या फडक्यानं झाका. कोंब दिसले की फडकं काढा आणि ट्रे खिडकीत ठेवा. तो कोपऱ्यात तसाच राहिला तर गवत पिवळं आणि लांबुडकं होऊन आडवं पडतं. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. जास्त झालं की बुरशी येते आणि घाण वास सुटतो. पिंपरी-चिंचवडला डिसेंबरात गारठा असतो, त्यामुळे वाढ मुंबईपेक्षा सावकाश होते. बारा दिवस धरून चाला. पहिल्या वर्षी मी हा ट्रे खिडकीत ठेवला तेव्हा कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, घट आत्ता कुठं बसवला?" नवरात्रात घटाखाली धान पेरतात, तेच तर हे. आमच्या मुलांना दोन्ही माहीत होतं. एक मावशींकडचं, एक आपल्याकडचं.

गोठा मांडला तरी गव्हाण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा. बाळ दुसरीकडे, एका डबीत. रात्री प्रार्थना झाली की घरातल्या सर्वांत लहान मुलानं ते आणून ठेवायचं. आणि मागी लोक, ज्यांना आपण तीन राजे म्हणतो, त्यांना गोठ्यात लगेच उभं करू नका. ते लांबून आले होते. त्यांना फ्रिजवर ठेवा. रोज मुलानं त्यांना थोडं पुढे सरकवायचं. फ्रिजवरून मिक्सरच्या मागे, मग पुस्तकांच्या फळीवर, मग टीव्हीजवळ, आणि ६ जानेवारीला गोठ्यात. गोव्यात चांदोरला आणि रेईश मागूशला त्या दिवशी तीन मुलगे राजांचे कपडे घालून येतात. कधी गोव्याला गेलात तर दाखवा. मुलाला एक गोष्टही सांगून ठेवा: पवित्र शास्त्रात ते तीन होते असं कुठेच म्हटलेलं नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशा भेटी तीन होत्या, म्हणून आपण माणसं तीन धरतो. सहा वर्षांच्या मुलाला असली माहिती पुरवली की तो ती महिनाभर सगळ्यांना ऐकवतो.

चांगल्या वागणुकीसाठी गव्हाणीत रोज एकेक गवताची काडी टाकायची, अशीही एक रीत आहे. दिसायला गोड आहे. मी वर्गात दोन वर्षं करून पाहिली आणि सोडून दिली. "बाई, त्यानं मारलं तरी काडी टाकली!" गव्हाणीचं चावडीत रूपांतर झालं. एकुलतं मूल असेल तर करा. तुमच्याकडे दोन आहेत, नका करू.

खाण्याचं. इथे माझी चूक सांगते, ती तुम्ही करू नका. नगरकडे आमच्या घरांत नाताळला फराळच असतो. करंज्या, शंकरपाळी, लाडू, चिवडा, बरोबर केक. मैत्रिणीकडून मी कुलकुल, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड शिंपले, शिकले आणि मुलांबरोबर करायचं ठरवलं. दिवस निवडला तेवीस डिसेंबर, वेळ संध्याकाळी सात. ऑफिसातून आलेली मी, दोन भुकेली मुलं आणि एक किलो मैदा. तासाभरात मुलगी पिठाच्या गोळ्यांचे साप करत होती, मी तिच्यावर खेकसले, ती रडत झोपली, आणि रात्री एक वाजेपर्यंत मी एकटी कंगव्यावर गोळ्या वळत बसले. पीठही सैल झालं होतं, कुलकुल तेल प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी म्हणाली, "पुढच्या वर्षी नको करूया." त्या वाक्यानं मी ताळ्यावर आले.

त्यानंतर नियम केला. कुलकुल डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर, आणि मैदा फक्त पाव किलो. लहान मुलांचा धीर पाऊण तासाचा असतो, तेवढ्यात पाव किलो होतो. पाव किलो मैद्याला एक अंडं, दोन मोठे चमचे पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा पातळ तूप, आणि लागेल तसं नारळाचं दूध. तूप जास्त घालू नका, तळताना उलगडतात. पीठ पुरीच्या कणकेसारखं घट्ट, अर्धा तास झाकून ठेवायचं. मग बोराएवढी गोळी घ्यायची, तेलाचं बोट लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या कंगव्यावर अंगठ्यानं चपटी दाबायची आणि अंगठ्यानंच टोकाकडून गुंडाळत आणायची. रेघा उठलेला शिंपला तयार. मुलीला गोळ्या करायला द्या, मुलाला वळायला. तिच्या गोळ्या लहान-मोठ्या होतील, म्हणून तळताना निवडून दोन घाणे काढा, नाहीतर लहान करपतात आणि मोठे आत कच्चे राहतात. मंद ते मध्यम आच. मुलं ओट्यापासून लांब, हे सांगायला नको. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे छान राहतात, म्हणजे तेवीस तारखेला तुम्ही मोकळ्या.

तो कंगवा मात्र सांभाळून ठेवा. आमचा हिरवा आहे, दोन दाते तुटलेला, वर्षभर पोळपाटाच्या मागे गुंडाळलेला असतो. मुलगी आता तिशीची आहे, नाशिकला असते. मागच्या वर्षी तिनं नवा सुंदर लाकडी साचा घेतला आणि फोन करून विचारलं, "कंगवा कुठे आहे गं?"

एक काम आजच करा. नगरच्या आईला फोन करून तिच्या करंज्यांचं माप विचारा, आणि मोबाइलवर ते बोलणं रेकॉर्ड करा. ती वाटीनं सांगेल. "ती आपली पितळी वाटी" म्हणेल. ती वाटी किती ग्रॅमची, ते पुढच्या भेटीत मोजून ठेवा. मी हे केलं नाही. आईच्या सारणाचा वास मला अजून जमलेला नाही.

ताटं. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट आलेलं असतं, नाताळात आपलं जातं. हे पोचवण्याचं काम संपूर्ण मुलांचं ठेवा. तुम्ही दारात उभ्या राहा, बेल त्यांनी वाजवायची. भरतकामाचा रुमाल वर घालून द्या. यात एक बारकावा आहे आणि तो मुलाला पक्का शिकवा: कुणाच्या ताटात अंड्याचं चालत नाही. केकचं आणि अंड्याच्या कुलकुलांचं ताट वेगळं, करंज्या-चिवड्याचं वेगळं. शाकाहारी घरी जाणाऱ्या ताटांना आम्ही हिरव्या लोकरीचा धागा बांधायचो. मुलानं दारात सांगायचं, "काकू, यात अंडं नाही." सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की काकू विरघळतात. आणि आपल्या घरापलीकडे वेगळं खाणारी, वेगळं पाळणारी माणसं आहेत, त्यांचा मान कसा ठेवायचा, हे त्याला उपदेशाशिवाय कळतं.

चोवीस तारखेची संध्याकाळ. आता अनेक चर्चमध्ये रात्रीची मिस्सा, म्हणजे उपासना, लवकर असते, पण तरी तीन वर्षांची मुलगी पेंगणारच. म्हणून जाण्याआधी घरी दहा मिनिटं ठेवा. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, पहिल्या वीस ओव्या... बघा, हात ओव्यांकडेच वळला. पहिली वीस वचनं. बाबांनी वाचायची, मुलांनी करून दाखवायची. मी वर्षानुवर्षं नाताळची नाटकं बसवली आहेत, त्यामुळे खात्रीनं सांगते, पोशाख एकच लागतो: घोंगडी. आम्ही नगरची माणसं, मेंढपाळ म्हटला की धनगराची काळी घोंगडीच डोळ्यांपुढे येते. घोंगडी अंगावर आली की मूल आपोआप मेंढपाळ होतं. संवाद दोनच: "चला, आपण बेथलेहेमाला जाऊ," आणि "सापडलं, सापडलं!" मुलगी मेंढी होईल. तिला बें-बें एवढंच पाठ करायचं आहे.

ओव्या चुकून लिहिलं, पण त्यालाही कारण आहे. ही कथा मराठीत ओवीबद्ध झाली त्याला चारशे वर्षं होऊन गेली. इंग्लंडमधून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. वसईच्या आजोबांना वाचनाची गोडी असेल तर जन्माच्या भागातल्या चार ओव्या त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. मुलांना अर्थ कळणार नाही. चाल कळेल. आणि नगरच्या बाजूनं, 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकातलं नारायण वामन टिळकांचं एक पद सगळ्यांनी मिळून पाठ करा. वर्षाला एकच. इंग्रजी कॅरल्स शाळेत शिकवतीलच.

सांताचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण वर्ष-दोन वर्षांत मुलगा विचारेल. "खरा आहे का?" माझं म्हणणं, त्याच्या नावानं धाक घालू नका. "सांता बघतोय हं" हे वाक्य घरात नको. त्याऐवजी संत निकोलसची गोष्ट सांगा, जो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप होता. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी हुंड्याला पैसे नव्हते, म्हणून त्यानं रात्री लपून त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्याचा सण ६ डिसेंबरला असतो. त्या दिवशी मुलाला तुमच्या इमारतीतला निकोलस करा. वॉचमनकाकांच्या खुर्चीवर कुणी बघत नसताना मोज्यांचा जोड ठेवून यायचा आणि कुणाला सांगायचं नाही. गुपित सांभाळताना मुलाचं तोंड बघण्यासारखं असतं. ज्यानं स्वतः एकदा सांताचं काम केलं आहे, तो "खरा आहे का?" विचारताना आधीच थोडा हसत असतो.

भेटवस्तूंबद्दल माझं फार म्हणणं नाही. प्रत्येकाला एक, आणि एक नवा कपडा. आम्हाला वर्षाचा एकच नवा कपडा नाताळचा असायचा.

एका वर्षी वसई, एका वर्षी नगर अशी ये-जा तुमची असणारच. म्हणून घरचं जे काही आहे ते वीस तारखेच्या आत उरकेल असं ठेवा: तारा, कुलकुल, ताटं. रविवारच्या पणत्या पुढे आजीच्या घरी लावता येतात आणि रेघांसाठी खडू पर्समध्ये मावतो. एक वर्ष एखादी गोष्ट राहिली तर राहू द्या. सलग दोन वर्षं झालेली असली की तिसऱ्या वर्षी मुलंच आठवण करतात, आणि चौथ्या वर्षी तुम्ही काही बदलायला गेलात तर तुमच्याशी भांडतात.

यंदा फक्त दोन गोष्टी धरा: दारामागच्या रेघा आणि गव्हाचा ट्रे. एक डिसेंबरला खडू आणा. अकराच्या रात्री गहू भिजत घाला, घरातला लोकवन चालेल, किडके दाणे तेवढे काढा. बाराला पेरा. पाणी मुलानं मोजून दोन चमचे शिंपडायचं, मुलीनं फडकं झाकायचं आणि काढायचं. दोन दिवसांनी फडक्याचं काम संपेल आणि तिलाही पाणीच शिंपडायचं असेल. म्हणून पेरतानाच दोन ट्रे करा.